धुतलेली पेटी

पेटीवरचा तिसरा दिवा लाल होता आणि तो हिरवा व्हायला तयार नव्हता. सकाळचे सव्वादहा झाले होते, दसरा होता, अंगात नवा सदरा होता, आणि मी, टेलिफोन खात्यातला गोमा लाइनमन, चौक गावापासून कर्जतपर्यंत कुणालाही विचारा, ओळखेल असा माणूस, एका वीतभर प्लास्टिकच्या पेटीपुढे मांडी घालून बसलो होतो. सून, समीक्षा, आतल्या खोलीत इस्त्रीचा कुडता घालून तयार होती. साडेबाराला तिची मुलाखत होती, लॅपटॉपवरून, परदेशातल्या कंपनीची. त्यांना कसला दसरा आणि कसलं काय. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, घरी बसून, पण पक्की नोकरी. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, ही शेवटची. साडेबाराला हजर व्हायचं, दहा मिनिटांत चेहरा दिसला नाही तर नाव बाद. हे तिने मला तीन दिवसांत चार वेळा सांगितलं होतं आणि चारही वेळा मी म्हणालो होतो, "पोरी, ज्या घरात गोमा लाइनमन हाय त्या घरची लाइन बंद पडत नाय."

बंद पाडली ती माझ्या बायकोने. धुऊन. खंडेनवमीला मोतीबाई माझी सगळी हत्यारं घासूनपुसून ठेवते. पक्कड, पेचकस, खांबावर चढायचा पट्टा, शेतातले दोन कोयते. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिचं हे चुकलेलं नाही. यंदा तिच्या मनात आलं, घरात आता खरं चालणारं हत्यार कुठलं? सुनेची ती इंटरनेटची पेटी. हिच्यामुळेच पोरीला नोकरी लागणार, मग हिला आंघोळ नको? काल संध्याकाळी तिने राउटर भिंतीवरून उतरवला, धुण्याच्या दगडावर नेऊन साबण आणि काथ्याने लख्ख घासला, मागचा कागद खरवडून काढला, पदराने पुसला आणि पाटावर मांडला. आज पूजा झाल्यावर हळदकुंकवासकट परत भिंतीला लावून बटण दाबलं. टप् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि कारभार आटोपला. मी जो भडकलो! "अगं शहाणे, करंटवर चालणारी वस्तू हाय ती!" तर कमरेवर हात ठेवून मला म्हणते, "मग तुमची पक्कड पण तारेलाच लावायचात ना? चाळीस वर्षं धुते, कधी बिघडली का?" राउटरच्या शिंगाला झेंडूचं फूल तसंच लटकत होतं आणि समीक्षा भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी स्कूटर काढली, चौक नाक्यावर कमलेशचं मोबाइलचं दुकान गाठलं, सणाची गर्दी बाजूला सारून नवी पेटी घेतली आणि अर्ध्या तासात भिंतीवर ठोकलीसुद्धा. दोन दिवे हिरवे झाले. तिसरा लाल. कमलेशला दम देऊन आलो होतो, माल खराब निघाला तर दुकानात येऊन बसेन म्हणून, त्यामुळे पेटी चांगलीच असणार. म्हणजे दोष लाइनीत. माझ्या डोक्यात हे एकदम पक्कं बसलं. आमचं घर गावाबाहेर, नव्या कॉलनीच्या भिंतीला लागून. ती कॉलनी उभी आहे तिथे आमची भाताची खाचरं होती. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना कॉलनीच्या लाइनीतून इंटरनेट द्यायचं तेव्हा ठरलं. ते सगळं माझ्या मुलाने, साईनाथने बघितलं. तो आज खोपोलीला, कारखान्यात, यंत्रांची पूजा आणि मग पाळी, मोबाइल गेटवर जमा. आणि आमच्याकडे मोबाइलची रेंज म्हणजे अंगणातल्या चिंचेखाली दोन काड्या, त्यावर बोलणं होतं, तोंड दाखवून मुलाखत होत नाही. मोतीबाई म्हणाली, "तिला कमलेशच्या घरी तरी बसू द्या तासभर." मी म्हणालो, "माझी सून मुलाखतीला दुसऱ्याच्या दारात जाऊन बसंल? मी काय मेलोय?" समीक्षा म्हणाली, "मामा, एक बोलू का?" मी म्हणालो, "थांब पोरी, माझं डोकं चाललंय."

डोकं चाललं होतं ते जुन्या रस्त्याने. लाइनीतला दोष शोधायची रीत मला शिकवली ती आबाजी म्हणून एक म्हातारा लाइनमन होता त्याने: दोन टोकांमध्ये भटकत बसायचं नाही, तार मधोमध तपासायची. तिथपर्यंत आवाज असला तर दोष पुढे, नसला तर मागे. मग उरलेल्याच्या मधोमध. असं अर्धं अर्धं करत गेलं की सहा खांबांत माणूस नेमक्या जोडापाशी उभा राहतो. या रीतीवर मी तेहतीस वर्षं मिरवलो. खोटं कशाला बोलू, मिरवलोच. कान असा तयार झालेला की तारेतल्या खरखरीवरून सांगायचो, पाणी चौकच्या अलीकडे शिरलंय की पलीकडे, आणि नव्या पोरांनी खणलं की तिथेच ओला जोड निघायचा. पोरं तोंडात बोट घालायची. साहेब लोक जीप पाठवायचे, गोमाला घेऊन या. नेरळच्या एका बंगल्यावरच्या बाईने मला चहा कपबशीतून दिला, गड्यांच्या पेल्यातून नाही, त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा सांगितलं. एकदा श्रावणात कर्जतची मोठी लाइन दोन दिवस मेली होती, ती मी चिखलात छातीभर उतरून जिवंत केली. तपासायला म्हणून टेस्ट फोन लावला तर पहिलाच आवाज आला एका बाईचा, भावाला सांगत होती, ताप उतरला रे, पेज प्याला. मी लगेच काढून घेतला, परक्याचं बोलणं ऐकू नये. पण डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, हे मी केलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं हे.

तर पट्टा कमरेला बांधला, नव्या सदऱ्यावरच, आणि भिंतीलगतच्या खांबाला शिडी लावली. मोतीबाई खालून ओरडत होती, "अहो, चौसष्ट वर्षं झाली, उतरा!" पायांना सगळं आठवत होतं, गुडघ्यांना तेवढं नव्हतं. वर पोचलो तेव्हा छाती भरून आली होती पण मान ताठ होती. भिंतीपलीकडे कॉलनीचा निळा पोहण्याचा तलाव, त्यात कुणी नव्हतं. अलीकडे आमच्या उरलेल्या दोन खाचरांत भात पिवळं पडलेलं. खांबावरचा डबा उघडला. आत हिरवा दिवा, टकाटक उघडझाप करत होता. सवयीने मी तार कानाशी नेली, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण ही काचेची तार, हिच्यातून उजेड जातो म्हणे, हिला कान लावून ऐकणार काय? तरी मी थोडा वेळ तशीच धरून उभा राहिलो. लाइन जिवंत होती. इथपर्यंत जिवंत, घराच्या भिंतीपर्यंत जिवंत, पेटीपर्यंत जिवंत. तुटलेलं काहीच नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात असा दोष मला भेटला नव्हता, की कुठेच काही तुटलेलं नाही आणि तरी बोलणं होत नाही. खाली खिडकीत समीक्षा दिसत होती, कसली तरी बारकी पुस्तिका वाचत होती. तिच्या वाचण्यात घाई नव्हती. अशीच मान खाली घालून माधवी वाचायची, माझी थोरली, आणि ती अशी एकदम आठवल्याबरोबर मी खांबाला दुसरा हात लावला.

माधवी बारावी झाली त्या साली एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर घ्यायच्या होत्या. खात्यातल्या माणसांच्या मुलींना आधी संधी. साहेब स्वतः म्हणाले, गोमा, पोरीचा अर्ज उद्या आण, परवा यादी वर जाणार. तिने अर्ज भरला, सुवाच्य अक्षरात, सही करताना दोनदा पेन झटकलं. मी तो शर्टाच्या खिशात घालून सायकलवर निघालो. ऑपरेटर पोरींशी लोक फोनवर कसे बोलायचे ते मी तारांवर ऐकलं होतं, हे एक. आणि गावात म्हणतील, गोमा पोरीच्या पगारावर जेवतो, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरंच पहिलं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही असला माझा स्वभाव. चौकच्या पुलावर सायकल थांबवली, अर्जाचे चार तुकडे केले, पाण्यात सोडले. आठवड्याने तिला सांगितलं, "नाव लागलं नाय गं यादीत." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या वर्षी कोंडाण्याला देऊन टाकली. आता ती लेणी बघायला येणाऱ्या पोराटोरांना जेवण करून घालते, मोठा कारभार आहे, दिवसभर फोन कानाला. पन्नास पन्नास परक्या माणसांशी बोलते, कुणी वाकडं बोलला तर असा सरळ करते की पुन्हा फोन करताना ताई म्हणतो. मी तिच्याकडे गेलो की चटईवर बसून ते ऐकतो आणि मला अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी खिशातला तो अर्ज छातीला टोचतो. सव्वीस वर्षं झाली.

खाली उतरलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मी ओटीवर टेकलो. समीक्षाने पाणी दिलं आणि या वेळी विचारलं नाही, सरळ बोलली. "मामा, लाइन चांगली हाय. पेटी पण चांगली हाय. पण कॉलनीवाल्यांच्या यादीत ही पेटी नाय."

"कसली यादी?"

"प्रत्येक पेटीला तिचा नंबर असतो. एका घराला एकच पेटी, आणि तिचा नंबर त्यांच्याकडं लिहिलेला. तो नंबर दिसला तर आत घेतात, नायतर लाइन जिवंत असून बोलत नायत. आपला जुन्या पेटीचा लिहिलेला हाय. नवीन लिहायचा तर हापीस उघडं पायजे. मी चिंचेखाली जाऊन फोन लावला, वाचमन म्हणतो दसऱ्याची सुट्टी. आणि खात्री करायला ओटीपी येतो तो यांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल गेटवर."

"मग आधी का नाय बोललीस?"

"बोलू का विचारलं होतं," समीक्षा म्हणाली. "तुमी थांब म्हणालात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलटा चढलो असतो, तो माझा हातखंडा. तारेत दोष नव्हता. पलीकडे कोणीतरी यादी घेऊन बसलं होतं आणि आपलं नाव त्यात नाही एवढाच काय तो प्रकार. तो बसलेला माणूस कसा दिसतो हे मला आतून माहीत होतं. त्याच्याकडे सायकल असते आणि खिशात पोरीचा अर्ज. मला म्हणावंसं वाटलं, पोरी, माझ्याच्याने नाही होत, जा कमलेशकडे. तोंडापर्यंत आलं. ती म्हणाली, "तुमी वर होतात तेवढ्यात मी पुस्तिका वाचली. नव्या पेटीला जुन्या पेटीचा नंबर देता येतो. मग ती जुनीच समजून आत घेतात. आपलीच पेटी, आपलंच घर, चोरी नाय काय."

"जुना नंबर कुठाय? तो तर तुझ्या सासूने खरवडून काढला."

मोतीबाई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. समीक्षा म्हणाली, "आई, तुमी घाबरू नका. नोंद करताना कॉलनीवाल्यांनी पेटीमागच्या कागदाचा फोटो मागितला होता. तो मीच काढून पाठवलेला. माझ्या मोबाइलात हाय." आणि पहिल्यांदा जराशी हसली. अगं मग देवासारखी तेव्हाच का नाही आलीस, असं म्हणणार होतो, पण उत्तर मला ठाऊक होतं.

मग आम्ही दोघं बसलो. लॅपटॉप पेटीला तारेने जोडला. पेटीच्या पोटातलं पान उघडलं, ते कसं उघडायचं हे मला येत नव्हतं, तिला पुस्तिकेवरून येत होतं. नंबर बारा आकडी-अक्षरी. ती म्हणाली, मी टाकते. मी म्हणालो, "तू टाक, मी वाचतो. आकडे वाचायची एक रीत असते." चष्मा लावला आणि तिच्या मोबाइलवरून दोन दोन करून सांगत गेलो, प्रत्येक जोडी दोनदा, आणि तिने टाकलेलं मला परत म्हणून दाखवायचं, एक्स्चेंजला आम्ही पोरांकडून घोटून घ्यायचो तसं. तिने कुरकुर केली नाही. सहा जोड्या झाल्या. तिने बटण दाबलं, तिन्ही दिवे विझले. मोतीबाईने देवाचं नाव घेतलं. मी घड्याळ बघितलं, बारा वाजून सोळा मिनिटं. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा लागेना. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि शेजारी ही पोरगी हात मांडीवर ठेवून शांत बसलेली, म्हणाली, "दोन मिनिटं लागतात, लिहिलंय." दोन मिनिटं! श्रावणातल्या त्या चिखलातही मला एवढी लांब दोन मिनिटं लागली नव्हती. मग तिसरा दिवा लागला. हिरवा. मी ओरडलो, "हाणला!" मोतीबाई नव्या पेटीला हळदकुंकू लावायला धावली. समीक्षा आणि मी एकदम ओरडलो, "नको!"

साडेबाराला दार लागलं. आतून तिचा आवाज येत होता, इंग्रजी, मधे मधे हसणं, मग एक लांब बोलणं न अडखळता. मला शब्द कळत नव्हते पण आवाजावरून माणूस ओळखायची माझी सवय, तो आवाज कुणापुढे वाकत नव्हता. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. "एक तारखेपासून यायला सांगितलं," म्हणाली, "म्हणजे यायचं कुठं, इथंच बसायचं." मोतीबाईने तिचं तोंड कुरवाळलं. समीक्षा मला म्हणाली, "शेवटी विचारलं, गावात लाइन गेली तर काय करणार? मी सांगितलं, आजच गेली होती. मी दोन तासांत आणली." 'आम्ही आणली' नाही म्हणाली, 'मी आणली'. मला थोडं लागलं. आणि मग असं भरून आलं की तिथून उठून चिंचेखाली गेलो. आमच्या घरातली पोरगी परक्या माणसाला मी म्हणून सांगते, आणि खरं सांगते.

चिंचेखाली माधवीला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, माणसांचा गलका. "बाबा? बोला लवकर, पंगत बसलेय."

"माधे, त्या ऑपरेटरच्या यादीत तुझं नाव लागलं नाय म्हणालो होतो ना मी..."

"फॉर्म तुमी दिलाच नाय," ती म्हणाली. "माहीत हाय."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"तुमच्या साहेबांनी. माझ्या लग्नात. आहेर देताना म्हणाले, पोरी, अर्ज का नाही पाठवलास, तुझी जागा धरून ठेवली होती. डोक्यात अक्षता होत्या माझ्या तेवा."

"मग बोलली नायस कधी?"

"काय बोलणार? मांडवात सगळे तुमचंच कौतुक करत होते." तिने कुणाला तरी भात वाढायला सांगितलं. "आता एक करा, बाबा. माझ्या पोरीला हे कळू देऊ नका. कालेजात सांगत फिरते, माझ्या आजाने अख्ख्या तालुक्याला फोन दिला. लई गर्व हाय तिला तुमचा. ऱ्हाऊ द्या तेवढा. ठेवते."

संध्याकाळी ऊन होतं तोवर मी स्कूटर कोंडाण्याला घातली. माधवी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. नात धावत आली, आपट्याचं पान माझ्या हातात दिलं आणि पाया पडायला वाकली. मी म्हणालो, "थांब, आधी ऐक," आणि सांगितलं. अर्ज, पूल, चार तुकडे, गावात काय म्हणतील म्हणून. सगळं, कुठे सावरून घेतलं नाही. ती वाकलेली होती ती ऐकता ऐकता सरळ झाली. माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले, ओठ घट्ट. मग वळली, चुलीपाशी गेली आणि पिठाचे हात वर धरून बसलेल्या आईच्या पाया पडली. माझ्याकडे परत आली नाही.

"बरोबर केलंस," मी म्हणालो.